घरगुती व्यवसायाला वकील कधी लागतो?

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, कांडपावरून मसाला करून आणायचा, आधी नात्यात द्यायचा, मग शेजारी, मग शेजारच्यांच्या नातेवाइकांना. आपल्याकडचे कितीतरी व्यवसाय असेच सुरू होतात. कुणी दिवाळीचा फराळ करतं, कुणी ब्लाऊज शिवून देतं, कुणी ऑर्डरप्रमाणे केक. पहिलं वर्ष बरं गेलं की घरात विषय निघतो: आता हे सगळं रीतसर करायला हवं, मग एखादा वकील गाठायचा का?

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, आणि हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बऱ्याच जणी येतात. त्यांना मी जे सांगते तेच आज तुम्हाला सांगणार आहे. व्यवसाय सुरू करताना ज्या नोंदण्या कराव्या लागतात त्यांतल्या बहुतेकींसाठी वकील लागत नाही. वकील लागतो तो दुसऱ्या माणसाबरोबर कागदावर सही करताना. आणि होतं नेमकं उलटं. स्वतः करता येईल अशा नोंदणीसाठी कुणा मध्यस्थाला हजारो रुपये मोजले जातात, आणि भागीदारीच्या किंवा पुरवठ्याच्या करारावर मात्र "ओळखीचेच तर आहेत" म्हणून न वाचता सही होते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पुढचा त्रास टाळता येण्यासारखा असतो.

आधी सोपं तेवढं उरकून घेऊ. खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच, मग तो पदार्थ घरच्या ओट्यावर का होईना. छोट्या व्यावसायिकाला परवाना नव्हे, साधी नोंदणी लागते. २०११च्या नियमांत तिची मर्यादा वर्षाला १२ लाख रुपये उलाढाल अशी ठरली आणि शुल्क वर्षाला १०० रुपये. अशा रकमा सरकार बदलू शकतं, म्हणून अर्जाच्या दिवशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) संकेतस्थळावर बघून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो, आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. त्याच पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन नंबर हेही लागतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती पूर्णपणे मोफत आहे आणि आधार क्रमांकावर होते. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी काही खासगी पानं तिच्यासाठी पैसे घेतात, त्यांच्यापासून जपा. शॉप ॲक्ट, म्हणजे दुकान किंवा आस्थापनेची नोंदणी, ज्याला काही भागांत गुमास्ता म्हणतात, त्याचंही आता सोपं झालंय. महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यात थोडे कामगार असलेल्या आस्थापनेला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. बँकेत चालू खातं उघडताना तिची पावती उपयोगी पडते. जीएसटीचा प्रश्न असेल तर तो वकिलाला नव्हे, सीएला किंवा कर सल्लागाराला विचारा. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला साधारण ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत. पण परराज्यात माल पाठवायला लागलात की हे हिशेब बदलतात.

इथे लिज्जतची आठवण होते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी उसन्या घेतलेल्या ८० रुपयांवर गच्चीत पापड लाटायला सुरुवात केली. संस्था म्हणून त्यांची रीतसर नोंदणी झाली ती १९६६ मध्ये. आजचे नियम त्या काळापेक्षा कडक आहेत, नोंदणी न करता खाद्यपदार्थ विकू नका. पण कंपनी, ट्रस्ट, संस्था असलं मोठं रूप पहिल्याच दिवशी लागत नाही, काम वाढल्यावर ते ठरवता येतं. तोवर तुम्ही एकट्या मालक, तुमचा पॅन हाच व्यवसायाचा पॅन. फक्त एक ध्यानात ठेवा: एकट्याच्या मालकीत धंद्याचं देणं हे तुमचं स्वतःचं देणं असतं. धंद्याची उधारी थकली तर घेणेकऱ्याला तुमच्या ठेवीपर्यंत, घरापर्यंत येता येतं. कर्ज मोठं घ्यायचं असेल किंवा ग्राहकाला इजा होण्याची शक्यता असलेला माल असेल, तर त्या टप्प्यावर वकील आणि सीए दोघांशी बोला.

जागेचं काय? स्वतःचं घर असेल तर सोसायटीचे उपविधी काढून वाचा आणि समितीला लेखी कळवा. भाड्याचं असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार पाहा. त्यात "केवळ राहण्यासाठी" असं लिहिलेलं असतं. घरमालकाची लेखी संमती आधी घ्या. यासाठी वकील लागत नाही, सोसायटीची नोटीस हातात पडली तर लागतो.

आता नाव. पुष्कळ जणी देवाच्या किंवा घराण्याच्या नावावरून नाव ठेवतात, आणि तेच नाव आधीच कुणीतरी नोंदलेलं असतं. लेबलं छापायच्या आधी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घ्या, तो मोफत आहे. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क मालाच्या किंवा सेवेच्या एका वर्गासाठी ४५०० रुपये आहे, आणि मिळालेली नोंदणी १० वर्षं चालते. अर्ज स्वतः भरता येतो. पण जाहीर झालेल्या नावाला कुणी हरकत घेतली, तर ती हरकत तुमच्यापर्यंत पोचल्यापासून दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर तुम्ही अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. हरकत आली की त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

आणि आता ज्याविषयी मला आज खरं बोलायचं आहे ते: भागीदारी.

समजा, दोन मैत्रिणी आहेत किंवा दोघी जावा आहेत. एकीने दोन लाख रुपये घातले, दुसरीच्या हाताला चव आहे. पहिली हिशेब बघते, दुसरी पहाटे पाचपासून गॅसपाशी उभी असते. काहीच लिहून ठेवलेलं नाही. कायदा काय म्हणतो? १९३२चा भागीदारी कायदा म्हणतो की वेगळं ठरलं नसेल तर नफा सारखा वाटायचा आणि तोटाही सारखाच. पैसे घालणारीला भांडवलावर व्याज आपोआप मिळत नाही. आणि पहाटेपासून राबणारीला कामाचा पगारही आपोआप मिळत नाही, कारण वेगळा करार नसेल तर भागीदाराला कामाचा मोबदला मागता येत नाही. माझ्याकडे आलेल्या बायकांना हे सांगितलं की त्या गप्प होतात. वर्षभर राबून त्या स्वतःला पगारदार समजत असतात, आणि कागदावर त्या फक्त निम्म्या वाटेकरी असतात. तो वाटा तोट्यातलाही असतो.

इतकंच नाही. भागीदारीचं देणं प्रत्येक भागीदाराकडून पूर्णच्या पूर्ण वसूल करता येतं. एकीने उधारीवर माल उचलला आणि पैसे थकवले, तर दुकानदार दुसरीच्या दारात उभा राहू शकतो. भागीदारांपैकी कुणाचं निधन झालं तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, भागीदारी तिथेच संपते. भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसेल तर संस्थेला आपल्या कराराचे पैसे मिळवण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, आणि भागीदारांनाही एकमेकांवर भागीदारीतल्या हक्कांसाठी सहसा दावा लावता येत नाही.

म्हणून इथे मी ठामपणे सांगते, वकील हवाच. आणि शक्यतो दोघींचा एकच नको. एकीच्या भावाच्या ओळखीचा वकील मसुदा करतो तेव्हा तो कुणाच्या बाजूने विचार करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मसुदा त्याने करू द्या, पण सही करण्याआधी तो स्वतःच्या वकिलाला दाखवा. दर महिन्याला कुणी किती उचल घ्यायची, वेगळं व्हायचं ठरलं तर नाव कुणाकडे राहणार, गिऱ्हाइकांची यादी आणि तो सगळीकडे टाकलेला फोन नंबर कुणाचा, मसाल्याचं प्रमाण कुणाचं, हे मसुद्यात असायलाच हवं. असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. जिवाभावाच्या माणसाला हे कसं विचारायचं, असं वाटतं. पण गोडी असतानाच ते विचारता येतात. भांडण झाल्यावर त्या प्रश्नांना कुणीच सरळ उत्तर देत नाही.

दुसरी सही पुरवठ्याची. एखादं मोठं दुकान म्हणतं, आमच्याकडे माल ठेवा, विकला की पैसे. न विकलेला माल कुणाचा, मुदत संपलेला कुणी नष्ट करायचा, आमच्याशिवाय इतर कुठे विकायचं नाही अशी अट आहे का, हे करारात शोधा. असं कलम दिसलं तर एका तासाचा सल्ला घेणं परवडतं. आणि हे लक्षात ठेवा: तुमच्यासारख्या सूक्ष्म, म्हणजे अगदी छोट्या, उद्योगाकडून माल घेतल्यावर खरेदीदाराने लेखी करारात कितीही दिवस लिहिले तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. यासाठी उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधी झालेली असू द्या.

तिसरी सही जामिनाची. धंद्याच्या कर्जासाठी सासूबाईंना, वडिलांना जामीन राहायला लावलं जातं किंवा राहतं घर तारण जातं. बँक जे कागद पुढे करते ते आधी घरी मागून घ्या आणि कुणा जाणत्याकडून समजून घ्या.

काही वेळा मात्र विचार करत बसायला वेळच नसतो. गिऱ्हाइकाचा चेक वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस जायला हवी. त्याला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. त्यातही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करायची. "पुढच्या महिन्यात देतो" या शब्दावर हे दिवस निघून गेलेले मी पाहिले आहेत. तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगाची नोटीस आली तर लेखी उत्तराला ३० दिवस असतात आणि फार तर आणखी १५. त्यानंतर उत्तर घेतलं जात नाही. अशी नोटीस आली की ती फडताळात ठेवू नका.

आता पैशांचं. "वकील परवडत नाही" हे मी रोज ऐकते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, आणि त्याच्या १२ व्या कलमात स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिचं उत्पन्न किती, याची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही तो आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक लावा. भागीदारीचा पक्का मसुदा तिथे बनवून मिळेलच असं मी म्हणत नाही, पण हातातला कागद सही करण्यासारखा आहे का, हे विचारायला तिथे जरूर जा.

खासगी वकील करणार असाल तर फी आधी विचारा. आम्हाला त्याचा राग येत नाही. फक्त सल्ल्याची किती, मसुद्याची किती, नोटिशीला उत्तर द्यायची किती, असं वेगवेगळं विचारा आणि दिलेल्या पैशांची पावती घ्या. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा मोबाइलवर "९९९ रुपयांत सगळे परवाने" अशी जाहिरात दिसली तर ती बहुधा वकिलाची नसते.

येताना करार, बिलं, बँकेचं पासबुक आणि व्हॉट्सॲपवरचे ऑर्डरचे संदेश तारखेप्रमाणे लावून आणा. मुख्य म्हणजे कोऱ्या कागदावर कुठे सही केली असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा.