एक गाडी पडली की दुसरी का उधळते?

नमस्कार मंडळी. टेबलावरचा ट्रॅक बघून मागे कुणीतरी विचारलं, "काका, भाच्याचा उचलून आणलात काय?" होय, त्याचाच होता. तो नोकरीला लागला आणि ट्रॅक माझ्या माळ्यावर आला.

ज्यांनी स्लॉट कार पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रस्त्यात खाच असते, खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालचं पातं खाचेत बसतं आणि त्याला लावलेल्या तांब्याच्या विणलेल्या फिती पट्ट्यांवर घासत वीज उचलतात. वेग हातातल्या कंट्रोलरच्या ट्रिगरवर; वळणावर तो सैल सोडला नाही की गाडी बाहेर. 1957 साली इंग्लंडमध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात फ्रेड फ्रान्सिस यांनी स्कॅलेक्स्ट्रिक नावाचं हे खेळणं मांडलं, तेव्हापासून मूळ खेळ हाच आहे. आज आपण बोलतोय ते एकास बत्तीस मापाच्या, साधारण 12 व्होल्टवर पळणाऱ्या गाड्यांबद्दल.

आता घरोघरची तक्रार. दोघं खेळतायत. एकाची गाडी उडाली, की दुसऱ्याने बोट तसूभर न हलवतासुद्धा त्याची गाडी उधळते आणि पुढच्या वळणावर तीही जमिनीवर. मग भांडण. हे कशामुळे होतं, ते जुन्या वाड्यात राहिलेल्यांना लगेच कळेल. एकाच नळावर दोन बिऱ्हाडं. शेजारणीने तोटी बंद केली की आपली धार एकदम जोरात.

माझ्या सेटसोबतच्या अॅडॅप्टरवर 12 व्होल्ट छापलंय. काहीही न जोडता मोजलं तर 16.2. एक गाडी पळत असताना 13, दोन्ही पूर्ण जोरात असताना 11. आता हिशेब करा. शेजारची गाडी पडली, 11 चे 13 झाले, म्हणजे सुमारे 18 टक्के वाढ. अशा मोटरचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात चालतो. पण वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो जवळजवळ 40 टक्क्यांनी चढला. गाडी टिकणार कशी? पोराचा काही दोष नाही.

यावर पुष्कळ जण लॅपटॉपचा जुना 19 व्होल्टचा चार्जर जोडतात. कृपा करून जोडू नका. गाडी दोन दिवस तुफान पळते आणि मग मोटरमधले, वीज आत पोचवणारे ब्रश जळतात. मी अशा दोन मोटरी वाया घालवल्यात.

नवी वस्तू आणायच्या आधी ट्रॅक मोजा. मी हा कारच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा दिवा वापरतो. मल्टिमीटर नुसता पट्ट्यांना लावलात तर लांबच्या कोपऱ्यातही सुरुवातीला असतो तोच आकडा छान दाखवील, कारण वीज वाहतच नाहीये. दिवा लावला की साधारण दीड-पावणेदोन अँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि ट्रॅकचं खरं रूप दिसतं. पुढच्या रांगेतल्यांनी बघा: पॉवरच्या तुकड्यापाशी, म्हणजे जिथे सप्लाय जोडतो तिथे, दिवा लख्ख, आकडा 12.0. आता हाच दिवा पलीकडच्या वळणावर टेकवतो... पिवळा पडला. 9.4. अडीच व्होल्टहून जास्त वाटेतल्या सांध्यांनी खाल्ले! हा ट्रॅक नऊ मीटरचा आहे आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा रोध घालतो. कितीही भारी सप्लाय आणलात तरी हे तसंच राहणार.

म्हणून आधी सांधे काँटॅक्ट क्लीनरने पुसा. पॉलिश पेपर नको, पट्टीवरचा मुलामा निघतो आणि गंज धरतो. मग दीड एमएमची वायर ट्रॅकखालून नेऊन दर तीनेक मीटरवर पट्ट्यांना सोल्डर करा. सोल्डरिंग झटपट, कारण खालचं प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही. प्लस कुठली, मायनस कुठली हे आधी मार्करने लिहून ठेवा. एका जागी उलटसुलट झालं की सरळ शॉर्ट.

त्यानंतर सप्लाय. प्रत्येक लेनला स्वतंत्र आणि रेग्युलेटेड, म्हणजे भार कमीजास्त झाला तरी आकडा न हलणारा. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, बुधवार पेठेतल्या दुकानांत एलईडी पट्ट्यांसाठीचा 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेवर चालणारा रेग्युलेटेड सप्लाय, सहज मिळतो. माझी पसंती मात्र बटन फिरवून व्होल्टेज बदलता येणाऱ्या बेंच सप्लायला. लहान पोरं आली की 8 वर ठेवतो. खर्च जास्त आहे, नाही म्हणत नाही.

एक खोच आहे. बऱ्याच सेटमध्ये पॉवरच्या तुकड्याच्या पोटात दोन्ही लेन एका पत्र्याने जोडलेल्या असतात. स्क्रू काढून बघा आणि तो दुवा तोडा, नाहीतर दोन सप्लाय आणूनही नळ एकच राहील.

आता जे सांगतो ते नीट ऐका. खेळण्याचा अॅडॅप्टर अशक्त असतो आणि त्या अशक्तपणातच त्याची सुरक्षितता असते. शॉर्ट झालं तर तो मान टाकतो. 5 अँपिअरवाला मान टाकण्याआधी बरंच काही करून जातो. माझ्या गाडीच्या फितीचा एक सुटा धागा दोन पट्ट्यांवर आडवा पडला, तो लालभडक होऊन भस्सकन गेला आणि पात्यावर काळा डाग राहिला. जळक्या प्लास्टिकचा वास संध्याकाळपर्यंत खोलीत होता. तेव्हापासून प्रत्येक लेनच्या प्लस वायरीत 3 अँपिअरचा फ्यूज आहे. आणि उघड्या एसएमपीएसच्या स्क्रूंवर 230 व्होल्ट असतात. तो झाकण असलेल्या डब्यात, अर्थिंग जोडूनच. घरात पोरं आहेत, ट्रॅक जमिनीवर आहे, हे विसरू नका.

डिजिटल ट्रॅकबद्दल मघाशी चिठ्ठी आली. त्यात गाड्यांना द्यायचे आदेशही त्याच पट्ट्यांतून जातात, त्यामुळे यातलं काही तिथे परस्पर करू नका. कंपनीने सांगितलेलाच सप्लाय लावा.

बरं, चिठ्ठीवाले, आपण पुढे या. हा निळ्या गाडीचा कंट्रोलर घ्या, लाल माझ्याकडे. मी माझी गाडी मुद्दाम पाडणार आहे. तुम्ही बोट हलवू नका, आणि बाकीच्यांनी निळीकडे बघा.