सिलिकॉनचा गाभा, ऑक्साइडचे कवच

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या या प्रतिमेत समांतर रेषांनी भरलेला जो गोल ठिपका दिसतो, तो सिलिकॉन या धातुसदृशाचा साधारण 5 नॅनोमीटर व्यासाचा स्फटिक आहे. दोन रेषांमधले 0.31 नॅनोमीटरचे अंतर म्हणजे अणूंच्या लगतच्या दोन प्रतलांमधले अंतर होय. भोवतालच्या राखाडी भागात मात्र एकही रेषा नाही, कारण तेथील सिलिकॉन डायऑक्साइड काचेप्रमाणे अस्फटिक आहे.

हे कवच गाभ्यावर कोणी चढवलेले नाही. सिलिकॉन मोनॉक्साइडचा पातळ थर नायट्रोजनच्या वातावरणात सुमारे 1100 अंश सेल्सिअसला तापवला, की ऑक्सिजन काही सिलिकॉन अणूंभोवती एकवटतो, उरलेले अणू एकत्र येऊन स्फटिक बनतात आणि गाभा व कवच एकाच वेळी आकाराला येतात.

सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर, म्हणजे अणूंशी बांधलेल्या इलेक्ट्रॉनला वहनासाठी मोकळे करायला लागणारी किमान ऊर्जा, 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर डायऑक्साइडचे जवळपास 9. त्यामुळे गाभ्यात शिरलेला इलेक्ट्रॉन तिथेच अडकतो आणि कवच काही नॅनोमीटरच जाड असेल, तरच पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमानुसार ते भेदून पलीकडे जाऊ शकतो. इतक्या लहान गाभ्याची धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमताही अत्यल्प असते. त्यात एक जादा इलेक्ट्रॉन घालण्यासाठी ढोबळ हिशेबाने 70 मिलिइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, तर खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जा भरते अवघी 26. म्हणजे आत बसलेला पहिला इलेक्ट्रॉन दुसऱ्याची वाट खरोखरच अडवतो. संदीप तिवारी आणि आयबीएममधील त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यास असे कण स्मृतिचिपमध्ये प्रभार साठवायला वापरून दाखवले. तिथे ऑक्साइडमध्ये एखादी गळती झालीच, तर सलग थरातल्यासारखा सगळा प्रभार निघून न जाता त्या जागेच्या कणांपुरताच जातो.

कणाची खरी परीक्षा होते ती गाभा आणि कवच यांच्या सीमेवर, आणि आकाराच्या चर्चेत नेमकी तीच मागे पडते. तिथे काही सिलिकॉन अणूंचा एक बंध मोकळा राहतो, त्यात इलेक्ट्रॉन अडकतो आणि वहनाचे गणित बिघडते. म्हणून पुढे सुमारे 400 अंशांना हायड्रोजन देऊन हे बंध भरून काढतात. सिलिकॉनसारखाच अर्धवाहक असलेल्या जर्मेनियमच्या कणाला मात्र त्याच्या स्वतःच्या ऑक्साइडचा असा आधार मिळत नाही, कारण जर्मेनियम डायऑक्साइडचे नेहमी आढळणारे रूप पाण्यात विरघळते.