खुंट कुणाचा, काडी कुणाची

(दृश्य : तासगाव तालुका, सप्टेंबर. पावसाची उघडीप. द्राक्षाची नवी लागण. ब्लेड धरलेली बोटं जवळून.)

हा डॉगरीजचा खुंट. जात रानटी. खाण्याजोगं फळ देत नाही, पण मुळं चिवट. खारवट जमीन सोसतो, पाण्याची ओढही सोसतो. उन्हाळ्याच्या तोंडाला लावला, पाऊसभर वाढवला, आणि आज त्याचा शेंडा उडवला. उरलेल्या बुंध्याला वरून मधोमध चीर. दुसऱ्या हातात सोनाका या द्राक्षजातीची काडी, दोन डोळ्यांची, म्हणजे दोन अंकुरांची. तिचं खालचं टोक दोन्ही अंगांनी तासून पाचर केली. पाचर चिरेत बसली, सालीला साल भिडली, वरून प्लॅस्टिकची पट्टी ताणून गुंडाळली. पुढचं झाड.

(ब्लेडचा मूळ आवाज काही क्षण.)

सालीच्या आत एक कोवळा थर असतो. खुंटाचा आणि काडीचा थर एकमेकांना टेकला की दोन्हीकडून नव्या पेशी येतात आणि त्यांतूनच पाणी वाहणाऱ्या नळ्या घडतात. मुळानं पाणी वर ढकलायचं, काडीनं डोळा फोडायचा. वरचं डोकं परकं आहे याची मुळाला चौकशी नसते.

माणसाचं असं कलम होईल का? मेंदू काढून दुसऱ्या देहात बसवता येईल का?

हा प्रश्न आम्ही सांगलीत ज्यांना ज्यांना विचारला, त्यांतल्या बहुतेकांनी आधी गणपतीचं नाव घेतलं. साहजिकच आहे, गाव गणपतीचं. पण ती देवाची गोष्ट. आपण मिरजेला जाऊ.

(दृश्य : मिरज. शरीररचनाशास्त्राचं दालन. उंच खिडक्या, दगडी टेबलं, काचेची बरणी.)

डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशनचं इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं 1962 मध्ये. एमबीबीएसला आलेला प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी पहिल्या वर्षी अशा एखाद्या टेबलापाशी येऊन उभी राहते.

या टेबलावर जो देह असतो तो कुणीतरी दिलेला असतो. हे कसं घडतं, ते नीट पाहू. जिवंतपणी शरीररचनाशास्त्र विभागात एक अर्ज भरायचा, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. शेवटचा शब्द घरच्यांचा असतो, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवायचं. मृत्यू झाला की विभागाला लगेच फोन. डोळे द्यायचे असतील तर ते सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि डोळे दिल्यावरही देह स्वीकारतात. शवविच्छेदन झालेला किंवा एचआयव्हीसारखा संसर्ग असलेला देह घेत नाहीत. मग देह टिकावा म्हणून मोठ्या धमनीतून फॉर्मॅलिनचं द्रावण सोडतात, हळूहळू, ते बोटांच्या टोकांपर्यंत पोचेतो.

या बरणीतला मेंदू अशाच एका देहातला.

(बरणीतून मेंदू बाहेर. हातमोजे. ओंजळीत.)

फॉर्मॅलिननं तो घट्ट आणि करडा झालाय. जिवंत मेंदू खरवसासारखा मऊ असतो. नुसता टेबलावर ठेवला तर आपल्याच वजनानं बसेल. वजन तेराशे ते चौदाशे ग्रॅम. आत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी. शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के भाग, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला वीस टक्के एकटा वापरतो. रक्त थांबलं की चार-पाच मिनिटांत पेशी मरायला लागतात.

खालच्या बाजूला ही पांढरी टोकं दिसतात, ते कापलेले मज्जातंतू. मेंदूतून असे बारा जोड निघतात : नाकाकडे, डोळ्यांकडे, कानाकडे, जिभेकडे, चेहऱ्याकडे. नुसता मेंदू हलवायचा तर हे सगळे तोडायचे आणि नव्या कवटीत एकेक जोडायचे. म्हणून ज्या शल्यचिकित्सकांनी हा विचार गंभीरपणे केला, त्यांनी मेंदू कवटीतच राहू दिला आणि अख्खं डोकं हलवायचं ठरवलं. डोळे, कान, जीभ सोबतच जातात. कापायची ती फक्त मान.

(दृश्य : कृष्णाघाट. वाहतं पाणी. यावर जुना इतिहास.)

सोव्हिएत रशियात व्लादिमीर देमिखोव यांनी 1954 मध्ये कुत्र्याच्या मानेवर पिल्लाचं डोकं आणि पुढचे पाय जोडले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं. डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी हृदय बदललं. दोन-अडीच महिन्यांत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनीही ते करून पाहिलं. तो रुग्ण काही तासच जगला.

आणि 1970. अमेरिकेत क्लीव्हलंडला रॉबर्ट व्हाइट यांनी एका माकडाचं डोकं दुसऱ्या माकडाच्या धडावर बसवलं. माकड शुद्धीवर आलं. त्याचे डोळे माणसांच्या मागे फिरत, तोंडाजवळ बोट नेलं तर ते चावायला बघे. मानेखाली मात्र काहीच हलत नव्हतं. ते फार दिवस जगलं नाही.

म्हणजे सालीला साल भिडली होती. रक्तवाहिन्या जोडण्याचं काम पन्नास वर्षांपूर्वीच जमलं होतं. अडलं ते पुढे.

(दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. भोपळे टांगलेले. सतारीला तारा चढवणारे हात.)

मिरजेला कॅमेरा नेला आणि ही गल्ली टिपली नाही, असं होत नाही. हे दृश्य विषयात बसतं का, यावर आमच्यात वाद झाला. बघा, पटतंय का.

सतारीला वर सहा-सात तारा, खाली तरफेच्या, म्हणजे वरच्या वाजल्या की आपोआप घुमणाऱ्या, अकरा ते तेरा. प्रत्येकीची खुंटी ठरलेली. सगळ्या तारा एकदम कापल्या तरी कारागीर चुकत नाही, त्याला प्रत्येकीची जागा माहीत असते.

नुसत्या डोळ्यामागच्या मज्जातंतूत दहा लाखांहून जास्त तंतू असतात. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मेरुरज्जूत असेच असंख्य. काही निरोप वर नेणारे, काही खाली आणणारे. कापलेली दोन टोकं समोरासमोर धरली, तर कोणता तंतू कोणत्या खुंटीचा?

त्यातून हे तंतू पुन्हा वाढायलाच तयार नसतात. हातापायाचा मज्जातंतू तुटला तर तो वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणूनच 2015 मध्ये कोचीत दुसऱ्याचे हात बसवता आले आणि त्या हातांत सावकाश जाण आली. मेरुरज्जूत मात्र तंतूंवरच्या वेष्टणातच वाढ रोखणारी द्रव्यं असतात, शिवाय जखमेवर वण धरतो. 1981 साली उंदरांमध्ये पायाच्या मज्जातंतूचा तुकडा पुलासारखा बसवल्यावर मेरुरज्जूतले तंतू त्यातून वाढले. तेव्हा वाट अगदीच बंद नाही. पण पुलाच्या पलीकडे उतरून आपली खुंटी शोधणं राहिलंच आहे. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली एका माणसाला अख्खा डोळा बसवला. डोळ्याला रक्त मिळतंय, दिसत मात्र नाही.

सर्जिओ कानावेरो या इटालियन डॉक्टरांनी 2013 मध्ये जाहीर केलं की माणसाचं डोकं बदलता येईल. टोकं एका रसायनानं सांधायची. 2017 मध्ये चीनमधले झियाओपिंग रेन आणि त्यांनी ही शस्त्रक्रिया केल्याचंही सांगितलं. केली ती मृतदेहांवर. आम्हाला तर वाटतं, तुटलेला मेरुरज्जू सांधायची विद्या ज्या दिवशी सापडेल, त्या दिवशी अपघातात मान मोडून वर्षानुवर्षं खाटेला खिळलेला माणूस आपल्याच पायांवर उठेल. दुसऱ्याचं धड तो कशाला मागेल?

(दृश्य : पुन्हा द्राक्षमळा. आदल्या वर्षीची कलमं, मांडवावर घड.)

खुंट डॉगरीजचा, घड सोनाकाचे. विक्रमाला वेताळानं हेच विचारलं होतं : एका बाईच्या नवऱ्याचं आणि दुसऱ्या एकाचं डोकं अदलाबदल झालं, तर त्या बाईचा नवरा कोणता? राजा म्हणाला, ज्याच्या खांद्यावर नवऱ्याचं डोकं तो. आपला 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदाही तेच धरून चालतो. हृदय धडधडत असलं तरी मेंदूचं देठ मेलं, चार डॉक्टरांनी किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून तसं लिहून दिलं, की माणूस गेला. मेंदू बदलला असं आपण म्हणतो खरं. बदलतो तो देह.

तो देह मेंदूमृत माणसाचाच लागणार, आणि त्याच देहातले अवयव सात-आठ जणांना पुरतात. कुणाला द्यायचा, पुढे मूल झालं तर ते कुणाचं, हे प्रश्न आहेतच.

(दृश्य : शरीररचनाशास्त्राचं दालन, सकाळ. मेंदू पुन्हा बरणीत. झाकण. चिकटवलेल्या पट्टीवर फक्त क्रमांक.)

हा मेंदू कुणाचा, हे बरणीवर लिहिलेलं नाही. नव्या वर्षाची मुलं आली आहेत. पहिला छेद घेण्याआधी ती देहासमोर उभी राहून शपथ घेतात.

(मुलांचा मूळ आवाज ठेवावा. इथून पुढे निवेदन नाही.)