थंडीतला पहिला सेल्फ

[दृश्य: पहाट. द्राक्षबाग, पानांवर दव. लांब शेडमध्ये एक बल्ब.]

निफाड तालुका, जानेवारी महिना. थंडीची लाट आली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पहाटेचा पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षाच्या मण्यांना तिने तडे जातात. शेडमध्ये उभ्या असलेल्या या छोट्या ट्रॅक्टरचीही आज कसोटी आहे. त्याचं इंजिन नुकतंच बांधून झालंय आणि अजून एकदाही सुरू झालेलं नाही.

[दृश्य: वेलींच्या दोन ओळींमधली वाट, वर पानांचा मांडव.]

या वाटेत मोठा ट्रॅक्टर घातला तर वर तारा अडतात, बाजूला घड खरचटतात. म्हणून बागेत १८-२० अश्वशक्तीचा हा ठेंगणा ट्रॅक्टर लागतो. मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या दांड्यावर, ब्लोअर म्हणजे फवारणीचा पंखा जोडायचा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरवायचा आणि ऑक्टोबरच्या छाटणीपासून डाऊनी, भुरी या बुरशीच्या रोगांवर फवारण्या करत राहायचं. वर्षानुवर्षं हे काम करून इंजिन निळा धूर ओकायला लागलं, ऑइल प्यायला लागलं. अशा वेळी बरेच जण जुना देऊन नवा घेतात, डोक्यावर कर्ज घेतात. या घराने इंजिन खोलायचं ठरवलं. चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली असं इंजिन पुन्हा कित्येक वर्षं चालतं, म्हणून हा निर्णय आम्हाला मोलाचा वाटतो.

[दृश्य: मिस्त्रींचे हात. लायनरची, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याची आतली भिंत, अगदी जवळून.]

या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाहा. होनिंग करून, म्हणजे फिरत्या दगडाने घासून, त्या मुद्दाम पाडलेल्या आहेत. त्यांच्यात ऑइल टिकतं आणि पिस्टनभोवतीच्या नव्या रिंगा त्यांच्यावर घासून आपली जागा घेतात. लायनर नवे, पिस्टन आणि बेअरिंग नवी, व्हॉल्व घासून बसवलेले. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क रेंच लावून, टप्प्याटप्प्याने आवळलेले. एकदम आवळले तर हेड वाकडं बसतं आणि त्याच्या खालचं सांधा बंद करणारं गॅस्केट जातं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. अशा छोट्या इंजिनात पिस्टन हवेला साधारण विसाव्या हिश्शापर्यंत दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि त्या उष्णतेवरच डिझेल पेट घेतं. थंडी नेमकी या उष्णतेवर घाला घालते. गार लोखंड ती शोषून घेतं. रिंगा अजून बसलेल्या नाहीत, त्यांच्या बाजूने दाब निसटतो. ऑइल घट्ट, बेअरिंग आवळ, म्हणून इंजिन जड फिरतं, आणि फिरवणारी बॅटरीसुद्धा गारठलेली. जुन्या इंजिनाला यातल्या एक-दोन अडचणी येतात, नव्याने बांधलेल्याला सगळ्या एकदम.

[दृश्य: चूल, पातेलं. रेडिएटरमध्ये ओतलं जाणारं पाणी, वाफ.]

पाणी हाताला सोसेल इतकंच गरम. उकळतं पाणी गारठलेल्या बिडावर पडलं तर ब्लॉक तडकू शकतो. टाकीतलं उन्हाळ्यापासूनचं डिझेल काढून नवं भरलंय. भारतीय मानकात डिझेलच्या प्रवाहबिंदूची, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहायचं थांबतं त्या तापमानाची, मर्यादा उन्हाळ्यासाठी १५ अंश आहे, हिवाळ्यासाठी ३ अंश. उन्हाळ्यातलं डिझेल अशा पहाटे फिल्टरमध्ये दाटू शकतं.

[दृश्य: डॅशबोर्ड, ऑइलचा लाल दिवा.]

धाकटा मुलगा विचारतो, "मिस्त्री, करू का चालू?"

"थांब रे बाळा. आधी ऑइल चढू दे."

स्टॉपर ओढलेला, म्हणजे डिझेल बंद. थोडा सेल्फ, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवायचं, थोडी विश्रांती, पुन्हा थोडा सेल्फ. लाल दिवा विझला. बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलं. या कामाची घाई करू नये, असं आम्ही कळकळीने सांगू. कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटलं तर सगळी मेहनत काही क्षणांत जाते.

[दृश्य: फिल्टरचा स्क्रू. फेस, मग डिझेलची स्वच्छ धार.]

आता डिझेलच्या नळ्यांतली एअर, म्हणजे हवा, काढायची. फेस येतोय तोवर पंप दाबत राहायचं. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचा. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून तिथलीही हवा काढायची.

[दृश्य: किल्ली हीटरवर. मग सेल्फ. सायलेन्सरमधून पांढरा धूर.]

हा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. डिझेल पोचतंय, उष्णता कमी पडतेय. मिस्त्री थांबतात. बॅटरीला दम घेऊ देतात, इंजिनातली हवा तापवणारा हीटर पुन्हा लावतात.

[दृश्य: इंजिन पकडतं. इथे निवेदन नको.]

गावोगाव अशा वेळी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरतात, स्प्रे मारतात, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढतात. कृपा करून नव्या इंजिनाला यातलं काही करू नका. स्प्रेमधला ईथर पिस्टन वर पोचण्याआधीच भडकतो आणि रिंगा मोडू शकतात. इंजिनाला हीटर असेल तर हवेच्या नळीतच स्फोट होऊ शकतो. आणि ओढून फिरवलेलं इंजिन ऑइल चढायची वाट पाहत नाही.

ट्रॅक्टर खोललेला होता तेव्हा भाड्याचा ब्लोअर वेळेवर मिळाला नाही आणि काही ओळींत भुरी आली.

[दृश्य: ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर बागेत शिरतो.]

नवं इंजिन नुसतं उभ्या-उभ्या धडधडत ठेवायचं नाही. लायनरला चकाकी येते आणि रिंगा बसत नाहीत. गरम झालं की बेताचं काम द्यायचं. म्हणून मिस्त्रींनी आजच ब्लोअरचं अर्धं टाकं भरायला सांगितलंय. ५० तास झाले की ऑइल आणि फिल्टर बदलायचा, टॅपेट, म्हणजे व्हॉल्वची फट, तपासायची. त्या कामाला ते स्वतः येणार आहेत.