दहा सेनचे नाणे आणि शिंबाशीची भिंत : टोकियोच्या गिंझा मार्गाची कथा

(दृश्य : उएनो येथील गाडीतळाबाहेरचा अरुंद रस्ता. फाटक बंद होते आणि लिंबासारख्या पिवळ्या रंगाची सहा डब्यांची गाडी रस्ता ओलांडते.)

भुयारी रेल्वेला फाटक कशाला हवे, असा प्रश्न हे दृश्य पाहणाऱ्याला पडणे साहजिक आहे. उएनोच्या या गाडीतळाकडे जाणारा रूळ जमिनीवरून जातो, आणि जपानमधील भुयारी रेल्वेचे रस्त्यावरचे फाटक एवढे एकच आहे. इथे वाहनांना अडवणाऱ्या दांड्याबरोबर रुळांवरही आडवे दार लावलेले असते. या मार्गावर वीज डोक्यावरच्या तारेतून येत नाही. रुळांशेजारी जमिनीलगत बसवलेल्या तिसऱ्या रुळातून ६०० व्होल्टचा प्रवाह वाहतो, आणि चुकूनही कोणी त्या बाजूला पाऊल टाकू नये यासाठी ही खबरदारी घेतली आहे.

हा टोकियोचा गिंझा मार्ग आहे. आसाकुसा ते शिबुया हे सुमारे १४ किलोमीटरचे अंतर आणि त्यावरील १९ स्थानके आज एकसंध वाटत असली, तरी ती दोन वेगवेगळ्या खासगी कंपन्यांनी दोन टोकांकडून बांधत आणली आणि मध्यावर येऊन त्या एकमेकींना अडल्या.

(दृश्य : जुनी छायाचित्रे. माणसांनी गच्च भरलेली ट्राम.)

नोरित्सुगु हायाकावा १९१४ साली लंडनला गेले, तेव्हा तिथल्या भुयारी रेल्वेला सुरू होऊन अर्धशतक उलटले होते. टोकियोतील ट्रामगाड्यांना त्या काळी माणसे अक्षरशः लोंबकळत असत. असेच भुयार आपल्या शहरात खणायचे, हा ध्यास घेऊन हायाकावा परतले, तेव्हा त्यांच्यापाशी ना भांडवल होते ना सरकारचा पाठिंबा. मग त्यांनी मोजणी सुरू केली. खिशात कडधान्याचे पांढरे आणि काळे दाणे घेऊन ते रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहत आणि समोरून जाणारी माणसे नि वाहने मोजताना एका खिशातले दाणे दुसऱ्या खिशात टाकत, असे सांगितले जाते. ही गोष्ट पुढच्या पिढ्यांनी थोडी घासूनपुसून लख्ख केली असेल. परंतु आसाकुसा, उएनो, गिंझा आणि शिंबाशी यांना जोडणारी वाट त्यांनी निवडली ती गर्दी पाहूनच.

दुसरी अडचण जमिनीची होती. टोकियोची माती गाळाची आणि ओली असल्याने तिच्यात भुयार टिकणार नाही, असे बहुतेकांचे मत होते. पुलांच्या पायांसाठी घेतलेल्या भूस्तराच्या नोंदी हायाकावांनी मिळवल्या आणि खाली पुरेसा घट्ट थर आहे, हे त्या कागदांच्या आधारे दाखवून दिले. १९२० साली त्यांची कंपनी स्थापन झाली. पण १ सप्टेंबर १९२३ रोजी भूकंपाने आणि त्यामागून भडकलेल्या आगींनी टोकियो उद्ध्वस्त झाले आणि भांडवल उभे करणे दुरापास्त झाले. संपूर्ण मार्गाचा हट्ट बाजूला ठेवून हायाकावांनी सर्वांत गजबजलेला आणि कमी खर्चाचा तुकडा तेवढा हाती घेतला : आसाकुसा ते उएनो, अवघे २.२ किलोमीटर.

सप्टेंबर १९२५ मध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवर चालणारी पहिली लोकल धावली होती, हे आपल्याकडील प्रेक्षकांना काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायला हवे. टोकियोत रस्ता उकरायचा, वरून तात्पुरत्या फळ्या टाकून वाहतूक चालू ठेवायची, खाली पेटीसारखे बांधकाम करायचे आणि शेवटी माती लोटून रस्ता पूर्ववत करायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे गिंझा मार्गाची जुनी स्थानके आजही जमिनीखाली फार खोल नाहीत. मोजक्या पायऱ्या उतरताच फलाट लागतो.

(दृश्य : आसाकुसा स्थानकाचे देवळाच्या धाटणीचे लाल प्रवेशद्वार.)

३० डिसेंबर १९२७ रोजी, म्हणजे नववर्षाच्या ऐन तोंडावर, हा मार्ग सुरू झाला. आशियातील पहिली शहरी भुयारी रेल्वे म्हणून तो ओळखला जातो. प्रवासाला पाच मिनिटेही लागत नव्हती आणि त्यासाठी लोक दोन-दोन तास रांगेत उभे होते. भाडे सरसकट दहा सेन, म्हणजे येनचा दहावा भाग. तिकीट नव्हतेच. प्रवेशद्वाराशी लाकडी दांड्यांची फिरती चौकट होती. फटीत दहा सेनचे नाणे टाकले की तिचा अडसर सुटे आणि एक माणूस आत जाई. काही मंडळी गाडीपेक्षा या चौकटीच्याच कौतुकासाठी आली असतील, असे मानायला हरकत नाही.

गाडीवर मात्र काटकसर केलेली दिसत नाही. डबे पूर्णपणे पोलादी होते, कारण भुयारात आग लागली तर काय, याची धास्ती होती. पिवळा रंग बर्लिनच्या गाड्यांवरून घेतला होता. धोक्याचा सिग्नल ओलांडल्यास गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून बसवलेली होती.

पुढचा मार्ग तुकड्यातुकड्याने वाढला. कांदा नदीखालचे काम चालू असताना अलीकडच्या काठावर मान्सेइबाशी नावाचे तात्पुरते स्थानक उघडले आणि १९३१ मध्ये मार्ग पलीकडे पोहोचताच ते बंदही झाले. पैशाची चणचण तर कायमच होती. त्यावरचा तोडगा हायाकावांनी मोठ्या दुकानांकडे शोधला. गिऱ्हाईक थेट दुकानाच्या तळघरात उतरणार असेल, तर स्थानकाचा खर्च दुकानाने का करू नये? मित्सुकोशी या नामांकित पेढीने तो केला आणि १९३२ साली उघडलेल्या स्थानकाला नाव मिळाले ‘मित्सुकोशी-माए’, म्हणजे ‘मित्सुकोशीसमोर’. आज जाहिरातदारांची नावे स्थानकांना चिकटवण्यावरून वाद झडतात. त्याचे मूळ किती जुने आहे, ते इथे दिसते. १९३४ च्या मार्चमध्ये गाडी गिंझाला आणि जूनमध्ये शिंबाशीला पोहोचली.

(दृश्य : शिंबाशी स्थानक. गर्दीच्या फलाटावरून कॅमेरा एका बंद दाराकडे वळतो.)

दुसऱ्या टोकाकडून येत होते केइता गोतो. रेल्वे कंपन्या ताब्यात घेण्याचा त्यांचा सपाटा असा होता की, आडनावाशी जुळणाऱ्या जपानी शब्दावर कोटी करून लोक त्यांना ‘दरोडेखोर केइता’ म्हणत. शिबुयाहून निघालेला त्यांचा भुयारी मार्ग १५ जानेवारी १९३९ रोजी शिंबाशीला येऊन भिडला. दोन्ही मार्ग जोडून गाड्या सरळ पुढे न्याव्यात, असा गोतोंचा आग्रह होता. हायाकावांना मात्र शिंबाशीहून शिनागावाकडे जायचे होते; जोडणी केली तर आपल्या हातातली सूत्रे जातील, हे त्यांनी ओळखले होते. त्यामुळे गोतोंच्या कंपनीने शिंबाशीत स्वतःचा वेगळा फलाट बांधला. दोन भुयारे एकमेकांसमोर, मध्ये भिंत, आणि प्रवाशांनी एका स्थानकातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरायचे, हा प्रकार आठ महिने चालला.

१६ सप्टेंबर १९३९ रोजी आसाकुसा ते शिबुया सलग गाड्या धावू लागल्या. तोवर गोतोंनी हायाकावांच्या कंपनीचे समभाग मोठ्या प्रमाणावर खरेदी केले होते. १९४० मध्ये हायाकावा कंपनीतून बाहेर पडले आणि १९४२ साली त्यांचे निधन झाले. गोतोंनाही या विजयाचा उपभोग फार काळ घेता आला नाही, कारण १९४१ मध्येच युद्धकालीन सरकारने दोन्ही मार्ग एका सार्वजनिक संस्थेकडे सोपवले. गोतोंचा शिंबाशीतला तो फलाट प्रवाशांसाठी पुन्हा कधी उघडला नाही. तो अजून त्या बंद दारामागे आहे.

युद्धात, २७ जानेवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात, गिंझा स्थानकावर बाँब पडला. उथळ भुयाराचा तोटा त्या दिवशी कळला. ‘गिंझा मार्ग’ हे नाव मात्र १९५३ मध्ये आले. दुसरा भुयारी मार्ग तयार होत होता आणि पहिल्याला वेगळे ओळखणे आता भाग होते.

(दृश्य : शिबुया. इमारतींच्या मधून, रस्त्याच्या वरून जाणारी गाडी.)

शिबुयाला भुयारी गाडी तिसऱ्या मजल्यावर थांबते. गाडी चढलेली नसते. शिबुया हे खोरे असल्याने जमीनच खाली उतरलेली असते. २०२० च्या जानेवारीत इथला फलाट नव्या जागी हलवला, पण उंची तीच राहिली. भुयाराचे माप बदलता येत नसल्याने डबेही आजतागायत १६ मीटरचेच आहेत.

जुन्या प्रवाशांना विचारले, तर त्यांना दिवे आठवतात. स्थानक जवळ आले की तिसऱ्या रुळात खंड पडे, डब्यातले दिवे क्षणभर विझत आणि भिंतीवरचा एक लहान दिवा तेवढा लागे. त्या क्षणी कोणी दचकत नसे. वर्तमानपत्र वाचणारा माणूस बोट त्याच ओळीवर ठेवून थांबे. १९९३ च्या सुमारास जुन्या गाड्या गेल्या आणि दिवे विझणे बंद झाले. मूळ १००१ क्रमांकाचा पिवळा डबा आता भुयारी रेल्वेच्या संग्रहालयात आहे. २०१२ पासून त्याच्याच रूपातल्या नव्या गाड्या धावतात आणि त्यांतल्या दोन खास गाड्यांमध्ये असे लहान दिवे पुन्हा बसवले आहेत. एखाद्या विशेष फेरीत स्थानक जवळ आले की डब्यातले मोठे दिवे मुद्दाम मालवले जातात.

(दृश्य : अंधारलेला डबा. भिंतीवर एकच दिवा. पडदा काळा होतो.)