गाडी सगळ्यात शेवटी

(नौपाड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ठाणे स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे, ते आठवणारी माणसं इथे बसलेली दिसताहेत. माझे आजोबा त्यांतलेच एक टांगेवाले. शेपटीखालची दुमची, पोटाखालचा तंग, अंग घासायचा खरारा, घोड्याच्या खाण्याची चंदी, हे शब्द मी घरात ऐकत वाढले. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी ओवळ्याला आत्याच्या वाडीत मिनिएचर जातीचं वर्षभराचं शिंगरू आलं, तेव्हा याला गाडीला जुंपायचं हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. त्याचं नाव वाटाणा.

या जातीची उंची अमेरिकेतल्या मिनिएचर घोड्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे ३४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. आणि ती मोजायची आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे. वाटाणा आज ३३ इंच आहे, वजन ९० किलोच्या आसपास. माझ्या कमरेला जेमतेम लागतो. इथेच पहिली चूक होते. एवढासा जीव बघून लोक त्याला उचलायला जातात, बिस्किटं भरवतात, त्यानं दात लावला तरी कौतुकच करतात. मोठ्या घोड्यानं तसं केलं असतं तर कुणी हसलं नसतं. उंची कमी असली तरी तो अख्खा घोडा आहे. भ्यायला की पळणार, आणि ९० किलोचं जनावर पळालं की ते हातानं थोपवता येत नाही.

पाठीवर मोठ्या माणसाला घेणं त्याला कधीच झेपणार नाही. गाडीचं तसं नसतं, तिचा भार चाकं पेलतात. दोन चाकांची गाडी नीट तोललेली असेल तर दांड्यांचं जेमतेम दोन-चार किलो वजन त्याच्या अंगावर येतं. सपाट, टणक रस्त्यावर गाडी आणि माणूस मिळून घोड्याच्या वजनाच्या दीडपटीपुढे मी कधी जात नाही. चढ आला की मी खाली उतरते.

आता घोडं पेंड खातं कुठे, ते बघू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. गाडी जोडतो ती नेमकी शेपटीमागे. म्हणजे जे दिसत नाही, खडखडतं आणि कितीही पळालं तरी पाठ सोडत नाही, असं काहीतरी आपण त्याच्या अंगाला बांधतो. गवताळ रानात जगलेल्या जनावराला याहून भयंकर दुसरं काय असेल? ओढायला त्याला फारसं शिकवावं लागत नाही. शिकवायचं असतं ते थांबायला, आणि मागचा आवाज आपला आहे हे ओळखायला.

म्हणून पहिलं वर्षभर मी फक्त त्याला उभं राहायला शिकवलं. रोज खरारा, चारही खूर उचलून बघणं, आणि सैल दोरीवर स्वस्थ उभं राहणं. मग पाठीवर पट्टा, हलका तंग, शेपटीखाली दुमची. दुमचीला बरेच घोडे बिचकतात, तिला घाई करू नये. त्यानंतर लांब लगाम घेऊन मी त्याच्या मागून चालायला लागले. चल, थांब, मागे. शब्द तेवढेच, आणि रोज त्याच सुरात. लगाम ओढल्यानं घोडा शिकत नाही, तो शिकतो लगाम सैल सुटतो त्या क्षणी. त्यानं पाऊल थांबवलं की त्याच क्षणी हात ढिला झाला पाहिजे. दोन सेकंद उशीर झाला तर आपण त्याला भलतंच काहीतरी शिकवलेलं असतं.

तिसऱ्या वर्षी घरातल्या एका लग्नासाठी मी घाई केली. सजवलेली गाडी, तीत बसलेली मुलं, असं चित्र डोळ्यांसमोर होतं. दोन महिन्यांत उरकू म्हणून सरळ गाडी जोडली. वाडीच्या रस्त्यावर चाक दगडावर आदळलं, लाकूड करकरलं आणि वाटाणा उधळला. गाडीत कुणी नव्हतं, हे नशीब. शंभरेक पावलांवर दांडा कुंपणात अडकून मोडला तेव्हा तो थांबला. त्याचं अंग थरथरत होतं, तोंडाला फेस आला होता. पुढे चार महिने साधी प्लास्टिकची पिशवी वाजली तरी तो कान पाडून मागे सरायचा. ती चूक पूर्णपणे माझी होती. त्याला पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवायला लावणं हे मी आजवर केलेलं सगळ्यात अवघड काम आहे.

पुन्हा आरंभ केला तो उलट्या बाजूनं. भाच्यानं जुना टायर दोरीनं ओढत पुढे चालायचं आणि आम्ही दोघांनी त्या आवाजाच्या मागून जायचं. आवाज पळतोय आणि आपण त्याच्या मागे आहोत, हे कळल्यावर घोड्याची भीती कुतूहलात बदलते. महिनाभरानं तो टायर हुंगायला लागला. मग टायर बाजूनं, मग मागून, मग रिकामी गाडी त्याच रीतीनं. दांड्यांच्या जागी प्लंबिंगचे दोन प्लास्टिक पाइप बांधून वळणं शिकवली, कारण दांड्यांमध्ये घोड्याला अंग वळवता येत नाही, पाय आडवे टाकून फिरावं लागतं. डोळ्यांना झापडं मी शेवटी लावली. आधी त्यानं ती गाडी डोळे भरून पाहावी, असं मला वाटत होतं.

जोडण्याचा क्रम मात्र पाठ हवा. आधी लगाम, मग दांडे, मग ओढायचे पट्टे, शेवटी मागच्या मांड्यांमागून जाणारा पट्टा. उतारावर गाडी अंगावर येते ती हाच पट्टा रोखतो. त्याच्याशिवाय घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखासारख्या उतारावर घोडा नेणं म्हणजे अत्याचार. सोडताना हाच क्रम उलटा. आणि गाडी जोडलेली असताना तोंडावरचा साज काढायचा नाही, घोडा कितीही गरीब असला तरी.

कायद्याचंही सांगते. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत: दिवसात ९ तासांवर काम नाही, सलग ५ तासांवर नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ साली उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या, तेव्हा मला वाईट वाटलं, कारण आजोबा आठवले. पण डांबरावर खूर भाजत उभे असलेले घोडेही मी पाहिलेत. निकाल योग्यच होता. वाटाण्याचं काम वीस मिनिटांचं, पहाटे, तेही वाडीतल्या मातीवर. भाड्यानं नाही, वरातीत नाही.

त्याला चार वर्षं पूर्ण झाल्यावर मी त्याच्या गाडीत पहिल्यांदा बसले. घोड्याच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालते, म्हणून पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदाच. त्या दिवशी आम्ही वाडीच्या फाटकापर्यंत गेलो. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू केली, त्याचे कान मागे वळले. मी हलकेच ‘थांब’ म्हटलं. तो थांबला आणि मान खाली घालून गवत हुंगायला लागला.