विसरलेली पेंढी

मंडळी, बायबलमधलं ‘लेवीय’ हे पुस्तक उघडलं की बहुतेकांचा हात आपसूक पुढची पानं उलटायला लागतो. रक्त, चरबी, अंगावरचे चट्टे, घराच्या भिंतीवरचा चट्टासुद्धा. माझंही तेच व्हायचं. मी थबकलो तो एकोणिसाव्या अध्यायात, एका ओळखीच्या शब्दापाशी: सरवा. भुईमूग निघाला की मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला आमच्याकडे बायापोरं जातात, तोच हा सरवा.

नियम साधा आहे. कापणीला शेताची कड सोडायची. हातून गळलेली कणसं मागे वळून उचलायची नाहीत. द्राक्षमळ्यातही तसंच. ते गरिबाचं आणि परक्याचं. आता या अध्यायाची सुरुवात बघा: मी पवित्र आहे, म्हणून तुम्ही पवित्र असा. पावित्र्य म्हटलं की आपल्याला वेदी आठवते, धूप आठवतो. इथे दहा ओवींच्या आत आपण बांधावर येऊन उभे! पुढे तेविसाव्या अध्यायात सणांची यादी चाललेली असताना मध्येच हाच नियम पुन्हा येतो. कुणीतरी सणाच्या पंगतीत उठून ‘बाहेर कोण उभं आहे ते बघा’ म्हणावं, तसा.

इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात यहुदी गुरूंनी याचा कीस पाडलाय. कड किती सोडायची? साठाव्या हिश्शाहून कमी नको. वर मर्यादा नाही. एकत्र दोन कणसं पडली तर गरिबाची, तीन पडली तर मालकाची, असं हिल्लेल या गुरूचे शिष्य म्हणतात. शम्माय या दुसऱ्या गुरूचे म्हणतात, तीनसुद्धा गरिबाचीच. हसू येतं खरं, पण भांडण कशावरून चाललंय ते बघा. शिवाय मालकाला ‘हे आपल्या अमक्यासाठी ठेवा’ म्हणायची सोय नाही. येणारा हक्काने येतो आणि वेचतो. ‘मी दिलं’ म्हणून मिरवायचं कुठे?

पण माझा जीव अडकलाय तो बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातल्या नियमात. शेतात एखादी पेंढी विसरलात, तर आणायला परत जाऊ नका. ही आज्ञा पाळायची कशी, सांगा. ठरवून विसरता येत नाही. मुद्दाम ठेवली तर ती विसरलेली राहत नाही. तोसेफ्ता नावाच्या जुन्या यहुदी संग्रहात एका भाविक माणसाची गोष्ट आहे. तो शेतात पेंढी विसरला, आणि लक्षात आल्यावर मुलाला म्हणाला, जा, माझ्यातर्फे एक बैल होमार्पणाला दे, एक शांत्यर्पणाला. एका पेंढीपायी दोन बैल! मुलगा चक्रावला. बाबा, बाकीच्या आज्ञांपेक्षा हिचाच एवढा आनंद का? बाप म्हणाला, बाकीच्या आपण जाणूनबुजून पाळतो. ही नकळत पाळली जाते.

आपण पुण्याचा हिशेब ठेवणारी माणसं. वहीत न लिहिता आलेलं काही आपल्या हातून घडलं असेल, हे आपल्याला सुचतही नाही.

आता बायबलमधल्या रूथच्या गोष्टीतला बेथलेहेमचा शेतमालक बवाज घ्या. सातूची कापणी चाललीय, मवाब देशातून आलेली परकी रूथ मजुरांच्या मागून सरवा वेचतेय. बवाज मजुरांना सांगतो, पेंढ्यांतून थोडी कणसं ओढून तिच्यासाठी टाकत चला, आणि तिला बोलू नका. म्हणजे गळलेलं सोडा असं नियम सांगतो, आणि हा गडी मुद्दाम गाळायला लावतो. नियमाच्या भाषेत ही लबाडीच म्हणायची. मला ती फार आवडते, कारण देणारा हात त्याने तिला दिसू दिला नाही.

संध्याकाळी रूथने वेचलेलं झोडपलं, तर सुमारे एक एफा सातू भरले. एफा म्हणजे वीस-बावीस लिटरचं माप. एका दिवसाच्या सरव्याला हे जरा जास्तच. ते आणि दुपारच्या जेवणातला उरलेला हुरडा घेऊन ती घरी गेली. तिच्या सासूने, नामीने, तो ढीग पाहिला आणि विचारलं, “आज सरवा कुठं वेचलास गं?”